माळ घालण्याआधी

आमच्याकडे दारू सोडायचा सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात जास्त चालणारा मार्ग म्हणजे माळ घालणं. गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि महाराज विचारतात, कोण कोण माळ घालणार? दोन-चार गडी पुढे सरकतात. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू बंद, मटण बंद. बायकांच्या बाजूला कुणीतरी डोळ्याला पदर लावतं. मी बीड जिल्ह्यात वाढले, हे लहानपणापासून पाहत आले. माळ घातल्यापासून वीस-वीस वर्षं थेंबाला न शिवलेली माणसं आमच्या भावकीत आहेत. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते माळेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर होते. एका शनिवारी ओपीडी संपत आलेली असताना एक बाई नवऱ्याला घेऊन आली. चाळिशीतला गवंडी, अंगानं सुकलेला, डोळे लाल. बाई म्हणाली, "मॅडम, परवा काल्याला माळ घालायलेत हे. ताकदीच्या गोळ्या द्या जरा." मला फार बरं वाटलं. मी विचारलं, रोज किती पिता? तो म्हणाला, "एक क्वार्टर. कधी दीड." मी लिहून घेतलं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, त्याला शाबासकी दिली. उठता उठता बाई म्हणाली, "दोन वर्षांखाली पोटाच्या दुखण्यानं अ‍ॅडमिट केलतं, तवा तिसऱ्या रात्री लई बडबडले होते. आता तसं नाही ना व्हायचं?"

मी म्हणाले, "नाही हो. आता देवाचं नाव आहे की सोबत."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही आणि विसरू नये असंच मला वाटतं.

त्यानं रविवारी रात्री शेवटची घेतली, सोमवारी माळ घातली. मंगळवारी रात्री त्याला फिट आली. बुधवारी रात्रीपासून तो अंथरुणावरच्या मुंग्या वेचायला लागला, भिंतीवर माणसं दिसायला लागली, बायकोला ओळखेना. गावानं त्याचा अर्थ गावाच्या पद्धतीनं लावला. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. कुणी म्हणालं, याच्या अंगात पाप फार, माळ सोसली नाही. एक दिवस अंगारे-धुपाऱ्यात गेला. गुरुवारी संध्याकाळी जीपमधून आमच्याकडे आणलं तेव्हा अंग तापलेलं, कपडे घामानं ओले, हात-पाय बाजेच्या दोरीनं बांधलेले. आम्ही शिरेतून औषध दिलं आणि अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजला पाठवलं. तो वाचला. पण परत आल्यावर त्यानं माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. देवानं आपल्याला नाकारलं असं त्याला वाटलं. पुढच्या पंधरवड्यात तो पुन्हा प्यायला लागला, आणि यावेळी त्याला "सोड" म्हणायची ताकद घरात कुणाचीच उरली नव्हती.

दारू रोज पिणाऱ्या शरीरानं ती अचानक थांबवली, तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि ४८ ते ९६ तासांत भ्रमाची ती भयंकर अवस्था सुरू होऊ शकते. हे मला एमबीबीएसला शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही असेल. ज्याला आधी एकदा असं झालंय त्याला पुन्हा होण्याचा धोका सगळ्यात जास्त, हेही पुस्तकात होतं. त्या बाईनं तीच गोष्ट, न विचारता, माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. म्हणजे माहिती होती, रुग्ण होता, औषध कपाटात होतं. मला विचारायचं कसं आणि ऐकायचं कसं, एवढंच येत नव्हतं.

त्यानंतर मी शिकायला लागले. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचे व्यसनोपचाराचे वर्ग ऑनलाइन असतात, त्यात नाव घातलं. दुरून शिकवायची ती पद्धत मुळात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सीच्या रुग्णांसाठी सुरू केली होती. तज्ज्ञ एका ठिकाणी, गावोगावचे डॉक्टर पडद्यावर, आणि प्रत्येकानं आपला खरा रुग्ण मांडायचा. मी माझी पहिली केस म्हणून हाच गवंडी मांडला. समोरच्या प्राध्यापकांनी मला एकही दोष दिला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "शनिवारी दुपारी तुमच्यासमोर तो बसला होता, तेव्हा त्याची जागा कुठली होती? घर, ओपीडी की वॉर्ड?" जागा! हा शब्द मी रोगाच्या संदर्भात पहिल्यांदा ऐकला. आमच्या डोक्यात एकच होतं: व्यसनी माणूस म्हणजे "व्यसनमुक्ती केंद्रात टाका".

आता गेली काही वर्षं मी स्वतः हे वर्ग घेते. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक, समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली मुलं येतात. दोन दिवस असतात. माझी धडपड एवढीच असते की समोरच्या माणसाची जागा ठरवायला त्यांनी शिकावं.

या शास्त्राचा एक मोठा आधार अमेरिकेतला आहे. तिथे एके काळी बहुतेकांना सरसकट २८ दिवस ठेवायची रीत होती, आपल्याकडे "महिनाभर ठेवून घ्या" म्हणतात तशीच. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅडिक्शन मेडिसिननं १९९१ मध्ये निकष काढले: माणसाकडे सहा बाजूंनी पाहा आणि मग ठरवा, त्याला ओपीडी पुरेल, आठवड्यातून अनेकदा यावं लागेल, निवासी केंद्र लागेल की रुग्णालयच लागेल. २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली. हे सगळं तिकडच्या विम्याच्या आणि दवाखान्यांच्या जगासाठी लिहिलेलं आहे, आपल्याला जसंच्या तसं बसत नाही. पण ज्या बाजूंनी पाहायला सांगितलंय त्या मात्र पाटोद्याच्या माणसालाही आहेतच.

पहिली बाजू नशा आणि ती उतरतानाचा धोका. यावर मी वर्गात अर्धा दिवस घालवते आणि त्याबद्दल मला कुणी बोल लावला तरी चालेल. "किती पिता?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी अपुरं असतं. इंग्लिश दारूची १८० मिलीची क्वार्टर ४२.८ टक्क्यांची धरली तर त्यात साठेक ग्रॅम अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत एक पेग म्हणजे १० ग्रॅम धरतात. म्हणजे "एकच क्वार्टर" म्हणणारा माणूस सहा पेग पितो. हातभट्टीला तर मापच नाही. म्हणून मी शिकवते: थांबल्यावर काय होतं ते विचारा. सकाळी उठल्यावर चहाची बशी धरता येते का? पहिला घोट घेतल्यावर हात थांबतात का? कधी आजारपणात, लग्नात, मयतीत दारू मिळाली नाही तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झालं? आणि हे त्याच्याइतकंच त्याच्या बायकोला विचारा, कारण त्या रात्री जागी तीच होती.

एकदा नांदेडच्या सीमेकडची एक सिस्टर म्हणाली, "मॅडम, आमच्याकडचे दारू पीतच नाहीत, शिंदी पितात. तरी फिट येतात." सगळे हसले, पण तिचं बरोबर होतं. शिंदी म्हणजे शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस. तेलंगणाच्या बाजूला त्यात अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं मिसळण्याचे प्रकार झालेले आहेत. २०१५ मध्ये तशा शिंदीचा पुरवठा अचानक बंद झाल्यावर निजामाबाद भागात थरथर, झटके, भ्रम अशी माणसं दवाखान्यांत लोटली होती. म्हणजे माणूस सांगतो शिंदी आणि शरीर मागतं झोपेची गोळी. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या डॉक्टरला "शिंदी कुठली, झाडाची की दुकानाची?" हे विचारता आलं पाहिजे. त्या सिस्टरचा तो प्रश्न मी तेव्हापासून माझ्या शिकवण्यात घेतलाय.

दुसरी बाजू शरीराची: कावीळ, टीबी, साखर, उपासमार. इथे एकच गोष्ट सांगते, कारण ती आपल्या सवयीशी जोडलेली आहे. सलाइन लावल्याशिवाय आपल्याकडे दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. पिऊन पिऊन खंगलेल्या, आठ-आठ दिवस नीट न जेवलेल्या माणसाला आल्या आल्या ग्लुकोजची बाटली लावली आणि आधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन दिलं नाही, तर त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालणं झोकांड्या खायला लागतं, आठवण जाते. थायमिन फार महाग नाही. आधी ते, मग ग्लुकोज. हे मी प्रत्येक वर्गात सगळ्यांकडून तीनदा मोठ्यानं म्हणून घेते, पाढ्यासारखं.

तिसरी बाजू मनाची. इथे नैराश्य आणि आत्महत्येचा विचार उघडपणे विचारावा लागतो. ज्या भागात नापिकीच्या वर्षात प्रत्येक गावानं निदान एक दार बंद झालेलं पाहिलंय, तिथे "जीव द्यावा वाटतो का?" हा प्रश्न डॉक्टरच्या तोंडून यायला लाज कसली? विचारल्यानं विचार येत नाही. उलट पुष्कळदा माणूस पहिल्यांदा खांदे सैल सोडतो.

चौथी बाजू पुढच्या धोक्याची, पुन्हा पिण्याची आणि पिऊन काय होईल त्याची. ट्रॅक्टर चालवणाऱ्याची आणि घरी बसणाऱ्याची ती वेगळी असते. पाचवी तो जिथे राहतो त्या जागेची. सहाव्या बाजूबद्दल मला विशेष बोलायचंय. जुन्या आवृत्तीत "मनाची तयारी" ही स्वतंत्र बाजू होती. चौथ्या आवृत्तीत ती वेगळी ठेवली नाही, आणि सहावी जागा दिली ती रुग्णाला स्वतःला काय हवं आणि त्याच्या वाटेत काय आडवं येतं याला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आमच्या केसपेपरवर "तयारी नाही" असा शेरा मारून आम्ही किती माणसं परत पाठवली असतील! तयारी नाही म्हणजे काय? उसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली आहे आणि मुकादम दारात उभा आहे, ही तयारी नसणं असतं का?

इथे उसतोड आणल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी या भागातून दिवाळीच्या सुमाराला माणसं निघतात आणि पुढे चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पैसे आधीच उचललेले असतात. दसऱ्यानंतर एक जोडपं माझ्याकडे आलं. तो रोज पिणारा, पण यावेळी स्वतःहून आलेला. बायकोच म्हणाली, "टोळी बारा दिवसांनी निघायलीय. त्याच्या आत काय व्हईल ते करा." पुस्तकानं विचारलं असतं, याची खरी जागा कुठली? सुरुवातीला निवासी उपचार आणि नंतर कित्येक महिने नियमित भेट. आमच्याकडे उपचारांच्या शिडीला खालची आणि वरची, अशा दोनच पायऱ्या होत्या. मधल्या नव्हत्या.

मग आम्ही सहाही बाजूंनी विचारलं. आधी कधी फिट नाही, भ्रम नाही. कावीळ नाही. जीव द्यायचा विचार नाही. बायको खमकी, आणि सासू घरातच. गावापासून दोन किलोमीटरवर आरोग्य केंद्र, तिथली सिस्टर आमच्याच वर्गात शिकलेली. ठरवलं: घरी राहून, पण रोज सकाळी केंद्रावर. गोळ्या एका दिवसाच्याच हातात द्यायच्या आणि दुपारनंतर बायकोच्या ताब्यात. आशाताई संध्याकाळी घरी डोकावणार, थरथर, घाम, झोप बघणार. तिसऱ्या रात्रीसाठी जीपवाल्याला सांगून ठेवलेलं. सात दिवस निघाले. आठव्या दिवशी त्यानं आमच्यासमोर स्वतःच्या हातानं दाढी केली, हात हलला नाही, हे दाखवायला. बाराव्या दिवशी ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले.

पुढचं काम बायकोच्या फोनवर. कोपीवर, म्हणजे कारखान्याकडच्या त्यांच्या झोपडीवर, रेंज नसायची, म्हणून सोमवारी ती उसाच्या गाडीबरोबर रस्त्याकडेला यायची तेव्हा बोलणं व्हायचं. जानेवारीत तो प्याला. तिचा फोन आला तेव्हा आवाजात लाज होती, जणू माझंच काही देणं थकलं होतं. मी तिला म्हटलं, ताई, मला सहा गोष्टी पुन्हा विचारू द्या. कारण जागा एकदा ठरवून संपत नाही. दोन दिवस प्यायलेल्या माणसाची जागा आणि दोन महिने प्यायलेल्याची जागा वेगळी असते. त्याला दोनच दिवस झाले होते. जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव शोधून दिलं, तिथल्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. फेब्रुवारीत पुन्हा एकदा घसरला. पाडव्याला घरी आला तेव्हा पीत नव्हता. आज पितो की नाही, हे या लेखात लिहिणं मला योग्य वाटत नाही. तो अजून येतो, एवढं सांगते.

वर्गाचा दुसरा दिवस मला सगळ्यात जड जातो आणि आवडतोही. त्या दिवशी आम्ही खेळ करतो: एक रुग्ण होतो, एक नातेवाईक, एक डॉक्टर. परभणीच्या एका वर्गात एक सिस्टर रुग्ण झाली. "घेतो थोडीशी, जेवणाआधी, भूक लागावी म्हणून." काय सुरेख खोटं बोलत होती, नजर खाली, अंगठ्यानं फरशी उकरत! समोरचा तरुण डॉक्टर पाच मिनिटांत थकला आणि म्हणाला, "हे बघा, खरं सांगणार असाल तर बसा." सिस्टर गप्प झाली. मग रुग्णाच्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात म्हणाली, "सर, माझ्या बापाला असंच म्हणाले होते. मग ते परत गेलेच नाहीत दवाखान्यात." पंख्याचा आवाज येत होता फक्त. तो डॉक्टर उठला, खुर्ची तिच्या बाजूला ओढली आणि म्हणाला, "परत सुरू करू?" दुसऱ्यांदा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "भूक लागत नाही का तुम्हाला?" आणि पुढच्या दहा मिनिटांत सकाळची थरथर, मागच्या वर्षीची फिट, घरातलं भांडण, सगळं आलं. मला तेव्हा फळ्यावर काहीही लिहावं लागलं नाही.

नातेवाइकांबद्दलही शिकवावं लागतं. "सही करतो, पण भरती करून घ्या" असं म्हणणारा भाऊ दुष्ट नसतो, तो थकलेला असतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही येतात, आणि त्यानुसार माणसाच्या संमतीला किंमत आहे. संमतीशिवाय दाखल करायला ठरावीक अटी आहेत आणि साखळदंडानं बांधायला तर मनाईच आहे. तरीही बांधून ठेवलेली, मारलेली माणसं मी पाहिलीत. एका व्यसनमुक्ती केंद्रातून पळून आलेल्या मुलाच्या घोट्यावरचे वळ मी स्वतः धुतलेत. त्याला कुणी केंद्रात पाठवलं होतं? डॉक्टरनंच. न तपासता, दोन मिनिटांत, चिठ्ठीवर पत्ता लिहून. त्याला खरं तर नैराश्य होतं आणि ओपीडी पुरली असती.

दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राचं २०१९ मधलं सर्वेक्षण सांगतं, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच कसलीतरी मदत मिळते, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. जागा इतक्या कमी असताना त्या कुणाला द्यायच्या हे नीट ठरवणं म्हणजे चैन आहे, असं मला एका वरिष्ठांनी सुनावलं होतं. मला नेमकं उलट वाटतं. दहा खाटा असतील तर त्यातली प्रत्येक खाट ज्याला फिट येणार आहे त्याला मिळाली पाहिजे. ज्याचा भाऊ आमदाराच्या ओळखीचा आहे त्याला नाही.

आणि सप्ताह? त्या गवंड्याच्या गावी मी दोन वर्षांनी गेले. कीर्तनकार महाराजांना भेटले, घडलेलं सगळं सांगितलं. मला भीती होती, त्यांना राग येईल. ते बराच वेळ वीणेकडे बघत बसले. मग म्हणाले, "आम्ही माळ घालतो त्या दिवशी त्याचं काय होईल हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की, ताई." त्या वर्षीपासून सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी ते कीर्तनात जाहीर करतात: ज्याला माळ घालायची त्यानं आधी मंडपामागे डॉक्टरीनबाईला भेटायचं. मी आणि एक सिस्टर बीपीचं मशीन, थायमिन, गोळ्या घेऊन बसतो. पंक्तीची पत्रावळ्यांची थप्पी एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला.

गेल्या सप्ताहात अकरा जण आले. सात जणांना घरीच जमण्यासारखं होतं, दोघांना रोज केंद्रावर यायला सांगितलं. दोघांना मात्र दाखल व्हावं लागणार होतं, एकाला पूर्वी फिट आलेली आणि दुसऱ्याचे डोळे पिवळे. फिटवाला ऐकेना. म्हणाला, काल्याला माळ घालतो आणि मग येतो, समद्या गावानं बघू द्या. त्याचं म्हणणं मला कळत होतं. गावासमोर घातलेली माळ हीच त्याची ताकद होती, आणि दवाखान्यात एकट्यानं सोडलेल्या दारूला साक्षीदार कोण?

मी महाराजांना बोलावलं. त्यांनी पिशवीतून एक माळ काढली, त्याच्या कपाळाला लावली आणि स्वतःच्या उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"ही तुझी. काल्याला मी सगळ्यांसमोर सांगतो, ही कुणाची आहे ते. तू दवाखान्यातून ये. मी गावातच थांबतो."

तो जीपमध्ये बसला. महाराज त्या सप्ताहानंतर नऊ दिवस मारुतीच्या देवळात मुक्कामाला होते.